दावा आणि निवाडा : डिजिटल संगीत-वितरणातील प्रताधिकार-भंगाच्या तक्रारींची चिकित्सा

गोषवारा

संगीताचे वितरण तबकडी, ध्वनिफीत आणि सीडी या साधनांकडून महाजालाकडे वळल्यानंतर प्रताधिकार-भंगाच्या तक्रारी न्यायालयाआधी संगीत-मंचांकडे जाऊ लागल्या. या तक्रारी हाताळण्याच्या दोन पद्धती आज प्रचलित आहेत. पहिली कायद्याने घालून दिलेली नोटीस-पद्धती आणि दुसरी मंचांनी स्वतः उभारलेली स्वयंचलित जुळवणीची पद्धती. प्रस्तुत लेखात या दोन्ही पद्धतींची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. भारतीय नियमांनी दावेदारावर तपशील देण्याची आणि ठरावीक मुदतीत न्यायालयाचा आदेश आणण्याची जबाबदारी टाकली आहे. खासगी पद्धतीत ही जबाबदारी व्यवहारतः गाणे अपलोड करणाऱ्यावर सरकते. नाट्यसंगीत, अभंग, बंदिश अशा परंपरेतून आलेल्या संगीताच्या बाबतीत या बदलाचे परिणाम अधिक गंभीर ठरतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : प्रताधिकार, ध्वनिमुद्रण, मध्यस्थ, नोटीस, स्वयंचलित दावा, नाट्यसंगीत.

१. प्रस्तावना

प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट. हा हक्क भंग पावला की नाही हे ठरवणे हे मूलतः न्यायालयाचे काम होय. वादीने आपली मालकी सिद्ध करावी, प्रतिवादीने आपली बाजू मांडावी आणि त्यानंतर न्यायाधीशाने निर्णय द्यावा, हा दिवाणी न्यायाचा क्रम सर्वपरिचित आहे. डिजिटल वितरणाने हा क्रम उलटा केला. एखादे गाणे मंचावर आले, त्यावर कोणी हक्क सांगितला की गाणे आधी बंद होते किंवा त्याचे उत्पन्न आधी दुसऱ्याच्या नावे वळते. ते योग्य झाले की अयोग्य, याची चौकशी नंतर होते आणि बहुतांश प्रकरणांत ती होतही नाही.

या बदलामागे व्यावहारिक कारण आहे, हे नाकारता येत नाही. दररोज प्रचंड संख्येने चढणाऱ्या ध्वनिफितींपैकी प्रत्येकीसाठी खटला चालवणे कोणत्याही न्यायव्यवस्थेला शक्य नाही. त्यामुळे तात्पुरता उपाय म्हणून काही जलद पद्धती असणे अपरिहार्य आहे. मात्र तात्पुरता उपाय हाच अंतिम निवाडा होऊन बसला, तर त्या पद्धतीची तपासणी करणे आवश्यक ठरते. संगीताचे शिक्षक, महाविद्यालयीन कलामंडळे, हौशी नाट्यसंस्था आणि स्वतंत्र गायक हे आता या मंचांचे नित्य वापरकर्ते असल्याने हा प्रश्न केवळ कायदेतज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

२. एका गीतातील अनेक हक्क

तक्रारींच्या हाताळणीतील बहुतेक गोंधळ एका साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्याने होतो. ऐकणाऱ्याला जे एक गाणे वाटते, ते कायद्याच्या दृष्टीने अनेक स्वतंत्र हक्कांचे एकत्रीकरण असते. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि ध्वनिमुद्रण ही तिसरी स्वतंत्र कृती आहे. गायक-वादकांचा प्रयोगकर्ता म्हणून असलेला हक्क त्याहून वेगळा आहे. साहित्यकृती व संगीतकृती यांचा प्रताधिकार कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार प्रकाशनानंतर ६० वर्षे, तर प्रयोगकर्त्याचा हक्क प्रयोगानंतर ५० वर्षे असतो. या सर्व मुदती पुढील कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजल्या जातात. ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणून कायदा निर्मात्याला, म्हणजे व्यवहारात बहुधा ध्वनिमुद्रण कंपनीला, ओळखतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘संगीत मानापमान’ या १९११ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पदे खाडिलकरांची आणि चाली गोविंदराव टेंबे यांच्या. खाडिलकरांचे निधन १९४८ साली झाले, म्हणून त्यांचे शब्द १ जानेवारी २००९ पासून प्रताधिकारमुक्त झाले. टेंबे १९५५ साली निवर्तले, त्यामुळे चाली १ जानेवारी २०१६ पासून मुक्त झाल्या. म्हणजे २००९ ते २०१५ या सात वर्षांत शब्द मुक्त आणि चाल संरक्षित अशी स्थिती होती. आज शब्द व चाल दोन्ही सर्वांच्या आहेत. तथापि याच नाटकातील एखाद्या पदाचे १९७५ साली प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रण असेल, तर ते २०३५ अखेरपर्यंत त्याच्या निर्मात्याचे राहील. त्या ध्वनिमुद्रणाची प्रत काढणे हा भंग होईल. तेच पद आज एखाद्या गायिकेने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या साथीदारांसह गायले तर तो भंग होणार नाही.

हा भेद लक्षात घेणारी व्यवस्था वितरणाच्या यंत्रणेत नाही असे नाही. ध्वनिमुद्रणासाठी आयएसआरसी आणि संगीतकृतीसाठी आयएसडब्ल्यूसी असे दोन वेगळे आंतरराष्ट्रीय संकेतांक वापरले जातात. पहिला संकेतांक विशिष्ट मुद्रण ओळखतो, दुसरा मूळ रचना. परंतु संकेतांक केवळ वस्तूची ओळख पटवतो. ती वस्तू कोणाच्या मालकीची आहे आणि मालकीची मुदत संपली आहे काय, या प्रश्नांचे उत्तर त्यात नसते.

३. नोटीस-पद्धती : अमेरिकेतील कायदा आणि भारतातील नियम ७५

नोटीस मिळताच मजकूर काढून टाकण्याच्या पद्धतीला जगभर रूढ करण्याचे श्रेय अमेरिकेच्या १९९८ सालच्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्टला दिले जाते. या कायद्याने मंचांना सशर्त संरक्षण दिले. हक्कधारकाची नोटीस येताच मंचाने मजकूर तत्परतेने काढला, तर वापरकर्त्याच्या कृत्याबद्दल त्याच्यावर नुकसानभरपाईचे दायित्व येत नाही. त्याचबरोबर अपलोड करणाऱ्याला प्रतिनोटीस देण्याचा अधिकार आहे. प्रतिनोटीस दिल्यावर दावेदाराने खटला दाखल केला नाही, तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर पूर्ववत करावा लागतो. जाणूनबुजून खोटी नोटीस देणाऱ्यावर दायित्व टाकणारे कलमही त्यात आहे.

या शेवटच्या कलमाची मर्यादा ‘लेन्झ विरुद्ध युनिव्हर्सल म्युझिक’ या प्रकरणात उघड झाली. २००७ साली एका आईने आपल्या लहान मुलाच्या नाचाची २९ सेकंदांची चित्रफीत यूट्यूबवर ठेवली. पार्श्वभूमीला प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्टपणे ऐकू येत होते. कंपनीने ती काढायला लावली. नोटीस देण्यापूर्वी उचित वापराचा विचार करणे दावेदाराला बंधनकारक आहे, असा निर्णय नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०१५ साली दिला. मात्र त्याच न्यायालयाने दावेदाराची प्रामाणिक समजूत पुरेशी मानली. ती समजूत वस्तुतः योग्य असण्याची अट घातली नाही. हे प्रकरण २०१८ साली तडजोडीने संपले. २९ सेकंदांच्या चित्रफितीसाठी ११ वर्षे लागावीत, ही बाब सामान्य वापरकर्ता प्रतिनोटिशीच्या वाटेला का जात नाही हे पुरेसे स्पष्ट करते.

भारतात २०१२ सालच्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये मध्यस्थांसाठी तरतूद आली आणि प्रताधिकार नियम, २०१३ मधील नियम ७५ ने तिचा तपशील ठरवला. हा नियम बारकाईने वाचल्यास त्याची रचना अमेरिकन पद्धतीहून वेगळी असल्याचे दिसते. तक्रारदाराने कृतीचे पुरेसे वर्णन द्यावे, आपण मालक किंवा अनन्य परवानाधारक आहोत हे दाखवावे, ती प्रत भंग करणारी असून कलम ५२ च्या अपवादांत बसत नाही याचा तपशील द्यावा, आणि अपलोड करणाऱ्याविरुद्ध सक्षम न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत आदेश सादर करण्याची लेखी हमी द्यावी, अशा अटी त्यात आहेत. मध्यस्थाने ३६ तासांत प्रवेश थांबवावयाचा असतो, पण तो २१ दिवसांपुरता. त्या अवधीत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर मजकूर पुन्हा उपलब्ध करून देण्यास मध्यस्थ मोकळा आहे. आदेश न आणणाऱ्या तक्रारदाराने त्याच ठिकाणच्या त्याच कृतीसाठी पुन्हा तक्रार केली, तर ती नाकारण्याची मुभाही मध्यस्थाला आहे.

या नियमाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. त्याने तक्रार आणि निवाडा यांतील अंतर स्पष्टपणे राखले आहे. तक्रारीला ३६ तासांत फळ मिळते, परंतु ते फळ २१ दिवसांत न्यायालयाच्या आदेशाने पक्के करावे लागते. न्यायालयात जाण्याचा भार ज्याने आरोप केला त्याच्यावरच ठेवलेला आहे. याशिवाय अधिनियमाचे कलम ६० निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग देते. खोट्या दाव्याने त्रस्त झालेली व्यक्ती घोषणा, मनाई हुकूम आणि नुकसानभरपाई मागू शकते.

नियमात एक ठळक उणीव मात्र आहे. ज्याचे गाणे थांबवले त्याला कळवण्याचे आणि त्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन मध्यस्थावर नाही. गाणे पाहू इच्छिणाऱ्याला कारण दाखवावे, एवढेच नियम सांगतो. प्रतिनोटिशीची तरतूद त्यात नाही. तसेच २१ दिवसांनंतर मजकूर पूर्ववत करणे हे मध्यस्थाच्या मर्जीवर सोडले आहे. दायित्वाच्या भीतीने मध्यस्थाने तो कायमचाच बंद ठेवला, तर गायकाला या नियमाखाली काही करता येत नाही.

४. मायस्पेस प्रकरणाने काय ठरवले

भारतातील संगीत-मंचांच्या दायित्वाचा मूलभूत निर्णय ‘सुपर कॅसेट्स इंडस्ट्रीज विरुद्ध मायस्पेस’ या प्रकरणात झाला. टी-सिरीज या नावाने परिचित असलेल्या कंपनीने २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. आपली गाणी मायस्पेसवर परवानगीविना उपलब्ध असल्याची तिची तक्रार होती. २९ जुलै २०११ रोजी एकल न्यायाधीशांनी मायस्पेसला प्रथमदर्शनी जबाबदार धरले. मंच जाहिराती जोडतो, मजकुराच्या स्वरूपात बदल करतो, म्हणून त्याला भंगाची जाणीव असली पाहिजे, असा त्या निर्णयाचा सूर होता.

२३ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने हा निर्णय फिरवला. खंडपीठाच्या विवेचनातील दोन मुद्दे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला मुद्दा जाणिवेचा. स्वयंचलित प्रक्रियेने मजकुराचे स्वरूप बदलले म्हणून मंचाला त्यातील प्रत्येक गाण्याची जाणीव झाली असे मानता येत नाही. जाणीव प्रत्यक्ष आणि विशिष्ट असली पाहिजे. कंपनीने एक लाखाहून अधिक गाण्यांची यादी दिली होती, परंतु कोणते गाणे मंचावर नेमके कोठे आहे हे न सांगता दिलेली सरसकट यादी ही विशिष्ट जाणीव ठरत नाही. दुसरा मुद्दा कायद्यांच्या समन्वयाचा. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ७९ मध्यस्थाला संरक्षण देते, तर त्याच अधिनियमाचे कलम ८१ प्रताधिकारधारकाचे हक्क अबाधित ठेवते. ही कलमे आणि प्रताधिकार अधिनियमाचे कलम ५१ परस्परविरोधी न मानता एकत्र वाचावीत, असे खंडपीठाने म्हटले. विशिष्ट कृती व तिचे ठिकाण कळवल्यास मायस्पेसने ३६ तासांत ती काढावी, असा आदेश झाला.

सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात मध्यस्थाची जाणीव ही न्यायालयीन वा शासकीय आदेशाशी जोडली होती. प्रताधिकाराच्या बाबतीत मायस्पेस खंडपीठाने ती अट लागू केली नाही. हक्कधारकाची विशिष्ट नोटीस पुरेशी मानली. व्यवहाराच्या सोयीसाठी ही भूमिका समजण्यासारखी आहे. तथापि न्यायालयाच्या आदेशाची अट जेथे वगळली जाते, तेथे नोटिशीच्या आशयावरच सारी भिस्त राहते. नोटीस विशिष्ट असावी, म्हणजे केवळ दुवा दाखवून भागते काय? ती कोणत्या हक्काबद्दल आहे, शब्दांच्या, चालीच्या की मुद्रणाच्या, आणि तो हक्क अद्याप जिवंत आहे काय, हेही तिने सांगावयास नको काय? वादातील गाणी कंपनीच्या अलीकडील संग्रहातील असल्याने हा प्रश्न तेथे उपस्थित झाला नाही. परंपरेतील संगीताच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही.

५. यंत्राने केलेला दावा

कायद्यातील नोटीस-पद्धतीबद्दल एवढा विचार झाला असला, तरी प्रत्यक्षात बहुसंख्य दावे तिच्या कक्षेबाहेर निकालात निघतात. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी ही प्रणाली सुरू केली. हक्कधारक आपल्या ध्वनिमुद्रणाची संदर्भ-प्रत प्रणालीत जमा करतो. प्रणाली तिचा ध्वनिठसा घेते आणि नव्याने चढणाऱ्या प्रत्येक फितीशी तो ताडून पाहते. जुळणी झाली की हक्कधारकाने आधीच ठरवून ठेवल्याप्रमाणे फीत रोखली जाते, तिच्या जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारकाकडे वळते किंवा तिच्यावर केवळ लक्ष ठेवले जाते. यात कायदेशीर नोटीस निघत नाही. त्यामुळे नियम ७५ मधील २१ दिवसांची मुदत, लेखी हमी आणि मालकीचा तपशील यांपैकी काहीच लागू होत नाही.

यूट्यूबने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पहिल्या पारदर्शकता अहवालातील आकडे उद्बोधक आहेत. जानेवारी ते जून २०२१ या सहा महिन्यांत कंटेंट आयडीद्वारे ७२ कोटी २० लाखांहून अधिक दावे झाले. त्यांपैकी सुमारे ३७ लाख दाव्यांवर, म्हणजे साधारण ०.५ टक्के दाव्यांवर, हरकत घेण्यात आली. हरकत घेतलेल्या प्रकरणांपैकी ६० टक्के प्रकरणे अपलोड करणाऱ्याच्या बाजूने सुटली.

या आकड्यांचे दोन अर्थ लावता येतात. ९९.५ टक्के दावे विनाहरकत राहिले, यावरून प्रणाली अत्यंत अचूक आहे असा निष्कर्ष काढता येतो. परंतु ज्यांनी हरकत घेतली त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांचे म्हणणे टिकले, ही बाब त्या निष्कर्षाला सहज मान्यता देऊ देत नाही. सुमारे २२ लाख दावे सहा महिन्यांत मागे पडले. ज्यांनी हरकत घेतली नाही, त्यांचे मौन म्हणजे संमती मानावी काय, हा खरा प्रश्न आहे. हरकत घेतल्यावर तिचा पहिला निर्णय खुद्द दावेदारच करतो. त्यासाठी त्याला ३० दिवस मिळतात. त्याने हरकत फेटाळली तर अपील करता येते. त्यावर दावेदाराने कायदेशीर नोटीस दिली तर वाहिनीवर स्ट्राइक येतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक आल्यास संपूर्ण वाहिनी बंद होऊ शकते. ज्याच्या वाहिनीवर कित्येक वर्षांच्या मैफली आहेत, तो एका पदाच्या उत्पन्नासाठी हा धोका पत्करेलच असे नाही. तेव्हा या मौनात संमतीपेक्षा सावधगिरीचा भाग मोठा असण्याची शक्यता गृहीत धरावी लागते.

प्रणालीचा गैरवापर किती सहज होऊ शकतो, याचा दाखला अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात चाललेल्या एका फौजदारी खटल्यात मिळतो. दोन व्यक्तींनी २०१७ पासून पुढील चार वर्षांत ५०,००० हून अधिक गाण्यांवर आपला खोटा हक्क सांगून २ कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळवली. गाणी मुख्यतः लॅटिन संगीतकारांची होती. दोघांनीही गुन्हा कबूल केला आणि २०२३ साली त्यांना कारावासाची शिक्षा झाली. ज्या प्रणालीचे काम चोरी पकडणे होते, तिच्याच आधारे ही चोरी झाली, कारण दावा करताना मालकीचा पुरावा तपासणारे कोणी नव्हते.

६. परंपरेचे संगीत आणि जुळणीचे तर्कशास्त्र

यंत्र साम्य ओळखते. साम्य कशामुळे आले, हे त्याला कळत नाही. पाश्चात्त्य अभिजात संगीतात याची प्रचिती आली आहे. २०१८ साली जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकाने बाखची एक रचना स्वतः वाजवून तिची चित्रफीत फेसबुकवर ठेवली, तेव्हा तीतील ४७ सेकंदांवर सोनी म्युझिकच्या नावे दावा आला. बाखचे निधन १७५० साली झाले आहे. चूक पुढे दुरुस्त झाली, पण ती होण्यास वादकाची प्रसिद्धी साह्यभूत ठरली हे लक्षात घेतले पाहिजे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील एका संगीतकाराने तयार केलेल्या, केवळ एकसारखा ध्वनी असलेल्या दहा तासांच्या फितीवर पाच वेगवेगळे दावे आल्याचेही प्रसिद्ध झाले होते.

हिंदुस्थानी व मराठी संगीतात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रागाचे चलन, तालाचा ठेका आणि परंपरेने आलेली बंदिश ही सर्वांची सामायिक संपत्ती होय. तुकारामांच्या अभंगाचे शब्द कोणाच्याही मालकीचे नाहीत. त्या अभंगाला विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने दिलेली चाल मात्र त्याची असू शकते, आणि वारकरी भजनात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चाल पुन्हा कोणाचीच नाही. या तिहेरी स्थितीत साम्य आढळले म्हणजे भंग झाला, असे म्हणणे तर्कदृष्ट्या टिकत नाही. नाट्यपदांच्या अनेक चालींमागे जुन्या बंदिशी व ठुमऱ्या आहेत, हे संगीताच्या अभ्यासकांना सांगावयास नको. त्याशिवाय तयार तानपुऱ्याच्या किंवा लेहऱ्याच्या एकाच मुद्रणावर अनेक गायक गातात, त्यामुळे साथीच्या साम्यावरून मुख्य गायनावर दावा होण्याची शक्यता राहते.

कर्तृत्व सिद्ध करणे किती अवघड आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयातील डागर–रहमान प्रकरणाने दाखवले. ‘पोन्नियिन सेल्वन’ चित्रपटाच्या दुसऱ्या भागातील एक गीत ज्युनिअर डागर बंधूंच्या ‘शिवस्तुती’ या ध्रुपद रचनेवर आधारित असल्याची तक्रार उस्ताद फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी केली. २५ एप्रिल २०२५ रोजी एकल न्यायाधीशांनी अंतरिम आदेशाद्वारे प्रतिवादींना २ कोटी रुपये न्यायालयात जमा करण्यास आणि श्रेयनामावलीत बदल करण्यास सांगितले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी खंडपीठाने तो आदेश रद्द केला. रचना गायली याचा पुरावा म्हणजे ती रचली याचा पुरावा होत नाही, हा खंडपीठाच्या विवेचनाचा गाभा होता. संगीतकृतीला संरक्षण मिळण्यासाठी तिचे स्वरलेखन आवश्यक नाही, असे १९९४ च्या दुरुस्तीनंतरचा भारतीय कायदा मानतो. मौखिक परंपरेच्या दृष्टीने ही तरतूद योग्यच आहे. पण त्यामुळेच पुराव्याची अडचणही वाढते. दोन्ही बाजूंना वकील, अभ्यासक व कागदपत्रे उपलब्ध असताना उच्च न्यायालयाच्या दोन पीठांचे ज्या प्रश्नावर मतैक्य झाले नाही, तो प्रश्न ध्वनिठशांच्या जुळणीने क्षणार्धात सोडवला जातो, ही विसंगती दृष्टिआड करता येणार नाही.

आता एक कल्पित परिस्थिती विचारात घेऊ. एका महाविद्यालयाच्या कलामंडळाने ‘मानापमान’मधील पद सादर करून त्याची फीत मंचावर ठेवली. कोणा कंपनीकडे त्या पदाचे जुने मुद्रण आहे आणि प्रणालीने चालीच्या साम्यावरून दावा नोंदवला. महाविद्यालयातील कर्मचारी व विद्यार्थ्यांनी संस्थेच्या कार्यक्रमात केलेल्या सादरीकरणाला कलम ५२ मध्ये अपवाद आहे, परंतु तो सादरीकरणापुरता असल्याने जगभर उपलब्ध होणाऱ्या फितीसाठी त्याचा आधार निःशंकपणे घेता येत नाही. येथे त्याची गरजही नाही, कारण शब्द व चाल दोन्ही मुक्त आहेत. तरीही हे दाखवून देण्याचे काम विद्यार्थ्यांवर येते. रचनाकार कोण, ते केव्हा निवर्तले, मुदत कशी मोजावी, हे सर्व त्यांनी मांडावयाचे आणि दावेदाराने मात्र आपण कोणत्या जिवंत हक्काचे मालक आहोत हे सांगण्याची गरज नाही. अशा ठिकाणी हरकत घेतली नाही, तर सार्वजनिक ठेव्यातील एक पद व्यवहारात खासगी होऊन जाते.

७. हक्कधारकांची बाजू

या चिकित्सेचा अर्थ हक्कधारकांच्या तक्रारी निरर्थक आहेत असा नाही. परवानगीविना चढवलेली संपूर्ण ध्वनिमुद्रणे हे वास्तव आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनातील वाट्याचा जो अहस्तांतरणीय हक्क दिला, तो डिजिटल उत्पन्नाची मोजदाद झाल्याविना फलद्रूप होणार नाही. कंटेंट आयडीसारख्या प्रणालीमुळे गाणे बंद न करता उत्पन्न हक्कधारकाकडे पोहोचवण्याचा मार्ग खुला झाला, हा तिचा गुण मान्य केला पाहिजे.

तथापि या गुणाचा लाभ सर्वांना सारखा मिळत नाही. प्रणालीत थेट प्रवेश मोठा संग्रह असलेल्यांनाच मिळतो. स्वतंत्र संगीतकाराला वितरक कंपनीमार्फत जावे लागते. दुसरीकडे मायस्पेस निर्णयानुसार प्रत्येक दुवा शोधून कळवण्याचे काम मोठ्या कंपनीला परवडते, एखाद्या दिवंगत संगीतकाराच्या वारसांना ते झेपत नाही. म्हणजे छोटा हक्कधारक आणि छोटा वापरकर्ता हे दोघेही आजच्या व्यवस्थेत दुर्बल आहेत. त्यांचे हितसंबंध परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. दावा नेमका आणि सप्रमाण असावा, ही अट दोघांच्याही हिताची आहे.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातील अनुच्छेद १७ येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. त्याने मंचांवरील जबाबदारी वाढवली, मात्र त्याचबरोबर वापरकर्त्यासाठी जलद तक्रार-निवारण आणि मजकूर काढण्याच्या निर्णयाचे मानवी परीक्षण बंधनकारक केले. पोलंडने या अनुच्छेदाला आव्हान दिले असता, वैध मजकूर आणि भंग करणारा मजकूर यांत पुरेसा भेद न करू शकणारी गाळणी अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी सुसंगत ठरणार नाही, असे युरोपीय न्यायालयाने २६ एप्रिल २०२२ रोजी स्पष्ट केले.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की भारतीय कायद्याने दावा आणि निवाडा यांत जे अंतर राखले होते, ते खासगी पद्धतींनी पुसट केले आहे. हे अंतर पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी पुढील बदल आवश्यक वाटतात. 

(१) कोणताही दावा, मग तो कायदेशीर नोटिशीने असो वा स्वयंचलित जुळणीने, शब्द, चाल वा ध्वनिमुद्रण यांपैकी नेमक्या कोणत्या हक्काबद्दल आहे आणि कर्त्याचे नाव व मृत्यूचे अथवा प्रकाशनाचे वर्ष काय आहे, याची नोंद दावेदाराने करावी. 

(२) नियम ७५ मध्ये अपलोड करणाऱ्याला कळवण्याची व त्याचे म्हणणे ऐकण्याची तरतूद करावी, आणि २१ दिवसांत आदेश न आल्यास मजकूर पूर्ववत करणे बंधनकारक करावे. 

(३) वाद चालू असताना उत्पन्न कोणाही एका पक्षाकडे न देता वेगळ्या खात्यात ठेवावे. 

(४) हरकतीचा पहिला निर्णय दावेदाराकडे न सोपवता संगीताची जाण असलेल्या तटस्थ परीक्षकाकडे द्यावा. 

(५) वारंवार निराधार दावे करणाऱ्याचा स्वयंचलित दाव्याचा अधिकार स्थगित करावा.

यांतील बहुतेक बदल शासन आणि मंच यांच्या हातात आहेत. एक काम मात्र महाविद्यालये व विद्यापीठांच्या मराठी, संगीत, नाट्यशास्त्र आणि विधी विभागांना एकत्र येऊन करण्यासारखे आहे. मराठी नाट्यपदे, भावगीते आणि परंपरेतील चाली यांची रचनाकार, त्यांचे मृत्युवर्ष, प्रथम प्रयोगाचे वर्ष आणि प्रताधिकाराची सद्यःस्थिती दर्शवणारी विश्वसनीय सूची तयार झाली, तर हरकत घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पुरावा येईल आणि प्रामाणिक दावेदारालाही आपली मर्यादा कळेल. अशी सूची करताना अनेक पदांच्या चालींबाबत मतभेद निघतील. त्या मतभेदांची नोंदही सूचीत असली पाहिजे, कारण जेथे अभ्यासकांत एकमत नाही तेथे यंत्राला निर्णय देऊ न देणे, हाच या सर्व चर्चेचा व्यावहारिक अर्थ आहे.